गेमनं गेलेला हात

कप माझ्या हातातून सुटला तो थेट तात्यासाहेब खलाट्यांच्या मांडीवर. चहा कढत होता. तात्यासाहेब "आयाया!" करत उठले, त्यांच्या पांढऱ्या स्वच्छ धोतरावर तपकिरी डाग पसरत गेला, आणि आमच्या बैठकीत बसलेली सगळी पाव्हणेमंडळी माझ्या हाताकडे बघायला लागली. मीही त्याच्याकडेच बघत होतो. कप धरलाय असं मला वाटत होतं, अंगठ्यानं मात्र तो कधीच सोडून दिला होता.

ऋतुजाला बघायला आली होती मंडळी. ऋतुजा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, यशवंतदादाची लेक. खलाटे बारामतीकडचे, बागायतदार, मुलगा इंजिनिअर. असं स्थळ आमच्या लोणंदच्या घरात चालून आलं म्हणून दादा दोन रात्री झोपला नव्हता. आणि मी, मुलीचा सख्खा काका, हायस्कूलचा चित्रकलेचा मास्तर शशिकांत भोईटे, मी नवऱ्या मुलाच्या बापाला चहानं भाजून काढला.

वहिनी फडकं घेऊन धावली. माझी बायको वैजयंता थंड पाणी घेऊन आली. तेवढ्यात मुलाचा चुलता तात्यासाहेबांच्या कानाशी लागला. हळू बोलायचं म्हणून बोलला, पण बागायतदारांचं हळू म्हणजे आपलं मोठ्यानं.

"काका घेत्यात का काय थोडी? हात बघा की, थरथरतोय."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीच्या घरात दारुडा आहे म्हटल्यावर लग्न मोडायला आणखी काय लागतं?

"न्हाई न्हाई!" दादा जवळजवळ ओरडलाच. "आमचा शशी दारूच्या थेंबाला शिवत न्हाई. अहो, मास्तर हाय तो! फक्त त्या मोबाईलच्या गेमचा नाद हाय त्याला. दिसभर बोटं चालवतो, त्यानं अवघडतोय हात. दुसरं काय न्हाई."

पाव्हणे हसले. वातावरण सैल झालं. "मास्तर असून गेम खेळता व्हय?" असं म्हणून तात्यासाहेबांनीही हसून घेतलं, दुसरा चहा आला, तो वैजूनं दिला. दादानं माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात 'वेळ मारून नेली रे बाबा' असं होतं. मीही मान डोलावली. दारूपेक्षा गेम बरा, असं मलाही वाटलं त्या घडीला.

आता मी गेम खेळत होतो का? होतो की. ते कुणापासून लपवलं नव्हतं. शाळा सुटली, घरी आलो, चहा झाला, की गच्चीवर खुर्ची टाकून दिवेलागणीपर्यंत खेळायचो. किल्ला राखायचा गेम होता. चौघांची टोळी, समोरून दुसरी टोळी चालून येते, कुणी भिंत धरायची, कुणी दरवाजा. मी ढालवाला. कानात इअरफोन घालून एकमेकांशी बोलत खेळायचं. चाळिशी उलटलेल्या माणसानं असलं काही करावं का? लोक संध्याकाळी पारावर बसून दुसऱ्याच्या घरातली भांडणं चघळतात, त्याला कुणी नाद म्हणत नाही. मी गच्चीवर बसून तीन अनोळखी माणसांबरोबर किल्ला राखत होतो, तो नाद. वैजू कुरकुर करायची, "अहो, माझ्याशी पण दोन शब्द बोला की संध्याकाळचं," आणि तिची कुरकुर रास्त होती. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, तेही खरं. खोटं कशाला बोलू?

पण आमच्या टोळीत एक बाई होत्या, उज्ज्वलाताई. वर्ध्याच्या. खानावळ चालवायच्या, दुपारची जेवणं उरकली की संध्याकाळच्या कणकेपर्यंत मोकळ्या असायच्या, तेवढ्या वेळात खेळायच्या. त्यांना मी कधी पाहिलं नाही. आमची ओळख आवाजाची. कप पडायच्या आधी महिनाभर त्या मला म्हणाल्या होत्या, "सर, तुमची ढाल उशिरा येऊन राहिली जी."

"नेट स्लो असेल," मी म्हणालो.

"नेट स्लो असलं तं सारंच थांबते. तुमचा डावा हात बरोबर चालून राहिला. उजवाच मागं पडते. मी रोजच्या रोज पाहून राहिली ना."

"वय झालं, ताई."

"वय गेलं चुलीत! माह्या मामंजीचं असंच झालतं. पहिले कांदा चिरता येईना, मंग बटन लागेना. डॉक्टरले दाखवा बरं, हासण्यावारी नेऊ नका."

मी हासण्यावारीच नेलं. पण मग लक्ष जायला लागलं. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहायचं काम माझं. रंगीत खडूनं, टाकाच्या वळणाचं अक्षर, गावातली माणसं जाता जाता थांबून बघायची. त्या अक्षराची वेलांटी घसरायला लागली. शर्टाचं वरचं बटण लावायला वैजू लागायला लागली. आणि एक विचित्र गोष्ट व्हायची, मान खाली घातली की पाठीतून पायाच्या टाचेपर्यंत करंट गेल्यासारखं सणकन व्हायचं. म्हणून कप पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच दादाला म्हणालो, "दादा, हे काहीतरी वेगळं आहे. डॉक्टरकडे जाऊ या."

"चल की," दादा म्हणाला. "मी येतो."

दादा आला म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे आजारी माणूस दवाखान्यात जातो, पण डॉक्टर बोलतात घरातल्या कर्त्याशी. त्यातून आमचे वडील मी शाळेत असतानाच गेले. मला वाढवलं, शिकवलं ते दादानं. गावातले डॉक्टर त्याच्या बरोबरीचे, त्याच्या खताच्या दुकानात उठबस असलेले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली, बोटं उघडझाप करायला लावली. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा बाहेर बसा. यशवंतराव, तुम्ही थांबा."

मी बाहेर बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं. बराच वेळ झाला. दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि गळ्याला लावायचा पट्टा होता.

"काय म्हणाले?"

"गेम बंद कर म्हणाले. मान आणि हात, सगळं त्याच्यामुळंच. दुसरं काय न्हाई."

"एवढंच सांगायला इतका वेळ?"

"चल आता, दुकान उघडं टाकून आलोय."

आठवड्यानं मध्यस्थ आला. खलाट्यांना मुलगी पसंत होती. पण एक खोड निघाली. त्यांच्या भावकीतल्या एका पोरानं मोबाईलवर पैसे लावायचे खेळ खेळून घर धुळीला मिळवलं होतं. तेव्हापासून गेम हा शब्द त्या घरात कुणी काढायचा नाही. बैठकीत पुरुष हसून मोकळे झाले, पण घरी गेल्यावर बायका अडून बसल्या. "तुमच्या काकांनी खंडोबापुढं बेलभंडार उचलावा," मध्यस्थ म्हणाला, "की पुन्हा त्याला हात लावणार नाही. आमचं कुलदैवत, तुमचंही तेच. मग तात्यासाहेब सुपारी फोडायला मोकळे."

"अहो पण मी पैसे लावत नाही," मी म्हणालो. "तो खेळच वेगळा आहे."

"मास्तर, बाटली देशी का विलायती, घरच्यांना काय फरक पडतो?"

बेलभंडार म्हणजे गंमत नव्हे. आमच्याकडे कोर्टात खोटं बोललेला माणूसही बेलपान आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोलायचा नाही. आणि एकदा उचलला की तो मरेपर्यंत. मी वैजूकडे बघितलं. वैजू खाली बघत होती. वहिनीचे डोळे भरले होते. ऋतुजा आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती, तिचा पदराशी चाळा चाललेला मला दिसत होता. लहानपणी मी तिला मांडीवर बसवून हत्ती काढायला शिकवला होता.

"उचलतो," मी म्हणालो.

जेजुरीला सगळे गेलो. दादानं मला बेलपान दिलं, वर मूठभर भंडारा ठेवला. उजव्या हातात धरायचा होता. तोसुद्धा अंगठ्याच्या फटीतून सांडायला लागला, तेव्हा दादानं खालून आपला हात लावला. मी म्हणालो, "मी शशिकांत भोईटे, आजपासून मोबाईलवरच्या किंवा कसल्याही पडद्यावरच्या खेळाला हात लावणार नाही. लावला तर मल्हारी मार्तंड मला बघून घेईल." तात्यासाहेबांनी मला मिठी मारली. दादानं तळी भरली. येळकोट येळकोट जय मल्हार!

गेम मी घरी येऊन पुसून टाकला. मोबाईल वैजूच्या कपाटात ठेवला आणि बटणांचा साधा फोन घेतला. उज्ज्वलाताईंना सांगायचं राहूनच गेलं. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. आम्ही बोलायचो ते त्या किल्ल्यातच. मी न सांगता का गेलो, त्यांना काय वाटलं असेल, कुणास ठाऊक. घरच्या माणसांना माझा हात दिसायचा आधी ज्या बाईला तो दिसला होता, तिला मी असा अर्ध्यावर टाकून आलो.

गेम गेला. हात परतला नाही.

उलट वाढलं. सुविचाराचं अक्षर इतकं बिघडलं की हेडमास्तरांनी एक दिवस मला बोलावून घेतलं. "भोईटे सर, पालक बोलतात. फळा आता मराठीच्या बाईंना देऊ. आणि एक विचारतो, रागावू नका. सुटलाय ना खरंच?"

"बेलभंडार उचललाय सर मी."

"ते कानावर आलंय माझ्या. पण व्यसन वाईट हो. भलेभले शपथा मोडतात."

ही बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली? सगळ्या गावानं. लोणंदच्या बाजारात जो तो मला बघून हसायला लागला. चालताना माझा पाय अडखळायचा, सपाट रस्त्यावरही. न्हाव्याच्या दुकानातून आवाज यायचा, "मास्तर, रातच्याला कितवी लेव्हल पार केली?" दाढी करून घ्यायला तिथे जायचंच मी सोडलं. दाढी स्वतःला करता येईना, म्हणून वाढवली. मग तर काय, "बघा, अंगावरसुद्धा लक्ष नाही माणसाचं." चोराला सुळी जाताना तरी ठाऊक असतं की आपण काय चोरलं. मला तेही सुख नव्हतं.

मी दादाला परत म्हणालो, "पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवू या."

"लगीन तोंडावर आलंय, शशा. पुण्याच्या दवाखान्यात कोण ना कोण भेटतंय. चार लोकांत चर्चा कशाला?"

"मला दिवसेंदिवस..."

"तू खेळायचं बंद कर, आपोआप बरा हुशील."

"मी खेळत नाही, दादा!"

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. युरियाची पोती मोजणाऱ्या हमालावर उगाच खेकसला आणि आत गेला.

गावाचं मला काही वाटलं नसतं. पण एका सकाळी वैजू माझ्या शर्टाची बटणं लावत होती, आणि लावता लावता मध्येच थांबली. खालच्या मानेनंच म्हणाली, "अहो, एक विचारू? मी कुणाला सांगणार नाही. शाळेत कुणाच्या मोबाईलवर खेळता का हो?"

अठरा वर्षांचा संसार. माझी बायको मला सांगत होती की तू देवाला फसवलंस तरी मी झाकून घेईन. तिची माया होती ती, कळत होतं मला. पण त्या मायेपेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. उरलेली बटणं मी स्वतः लावायला गेलो आणि शर्ट तसाच उघडा घालून शाळेत गेलो.

लग्न वैशाखात झालं. मांडव मोठा, जेवणाला आमरस. मंगलाष्टकं संपली, मुलीला आशीर्वाद द्यायला काका म्हणून मला स्टेजवर बोलावलं. तीनच पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर पाय उचलला असं मला वाटलं, पण तो उचललाच गेला नव्हता. मी तोंडावर पडलो. तांदूळ सगळीकडे उडाले. सनईवाला थांबला. मला उठता येईना. मी हातांना सांगत होतो, पायांना सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं.

"काका!" ऋतुजा मुंडावळ्यांसकट खाली धावायला निघाली, तिला वहिनीनं धरलं.

तात्यासाहेब वरून बघत होते. त्यांचा आवाज अख्ख्या मांडवानं ऐकला. "बेलभंडार उचलून जो माणूस खोटं वागतो, त्याला देवानं असाच लोळवायला पाहिजे. आज तरी एक दिवस दम धरायचा होता."

आणि दादा? माझा दादा दोन्ही हात जोडून त्यांच्यापुढे वाकला. "चुकलं त्याचं, तात्यासाहेब. त्याच्या वतीनं मी माफी मागतो."

मी जमिनीवरून ते ऐकलं. गालाला तांदूळ चिकटले होते. त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. असा राग की उठता आलं असतं तर मी त्या मांडवाला काडी लावली असती.

वैजूनं मग कुणाचंही ऐकलं नाही. वरात निघायच्या आत गाडी सांगितली आणि मला पुण्याला नेलं. मोठ्या यंत्रात घातलं, फोटो काढले. सर्जन तरुण होता, फोटो दिव्यासमोर धरून आम्हाला दाखवत म्हणाला, "मणक्याच्या मागची पट्टी हाडासारखी कडक झालीय. ती मज्जारज्जूला दाबतेय. हात, पाय, सगळ्याच्या तारा इथून जातात."

"गेममुळे का, डॉक्टर?" वैजूनं विचारलं.

"गेम?" त्याला कळेचना. मग तो हसला. "तासन्‌तास मान खाली घातली की मान दुखते, झोप जाते, ते सगळं खरं आहे. पण ही पट्टी कुठल्या गेमनं कडक होत नाही. काहींची ठेवणच तशी असते, कधी कधी घराण्यात असते. तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"दिवाळीच्या आधी. गेम खेळतानाच. अंगठा उशिरा पोचायचा."

"म्हणजे गेमनं तर तुम्हाला सगळ्यात आधी सावध केलं, सर. तेव्हा आला असतात तर हात वाचला असता. आता ऑपरेशन करू, पाय सावरतील. हाताचं वचन देत नाही."

वैजू बाहेरच्या बाकावर बसून हमसून हमसून रडली. "मी तुम्हाला काय विचारलं हो! काय विचारलं मी!" मी तिच्या पाठीवर डावा हात ठेवला. तिच्यावर माझा राग नव्हता. तिला जे सांगितलं गेलं ते तिनं मानलं.

ऑपरेशन झालं. पाय सावरले, काठीनं चालायला लागलो. हाताच्या व्यायामासाठी एका मॅडमकडे पाठवलं. त्यांनी माझ्या उजव्या मुठीत एक दांडी दिली, तिची तार पडद्याला जोडलेली. पडद्यावर झाडावरून आंबे पडत होते, मूठ दाबली की टोपली सरकायची.

"गेमच आहे, सर," मॅडम हसत म्हणाल्या. "मोठी माणसं लाजतात, पण साधा चेंडू दाबायचा कंटाळा येतो, आंबे झेलताना माणूस दमला तरी थांबत नाही. रोज घरी खेळायचा. अंगठा थोडा तरी परत येईल. खडू धरता येईल कदाचित."

वैजूला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. मी दांडी खाली ठेवली.

"मला चालायचं नाही. बेलभंडार उचललाय."

मॅडमना वाटलं मी चेष्टा करतोय. वैजूला मात्र कळलं, ही चेष्टा नाही. तिनं त्याच दिवशी दादाला फोन केला, आणि दादा म्हणाला, "काळजी करू नको. जेजुरीला जाऊन मी देवाकडनं त्याला सोडवून आणतो."

दादा जेजुरीला गेला, आणि इकडे गावातले डॉक्टर मला बघायला घरी आले. टाके पाहिले, फाईल चाळली. माझ्या तोंडात कडवटपणा साचलाच होता.

"काय डॉक्टर, गेम बंद केला, हात काही आला नाही," मी म्हणालो.

"कसला गेम?"

"तुम्हीच म्हणालात ना. सगळं गेममुळे."

डॉक्टरांनी फाईल मिटली. माझ्याकडे बघितलं, मग वैजूकडे. "मास्तर, मी त्याच दिवशी यशवंतरावांना सांगितलं होतं की मानेत दाब दिसतोय, पुण्याला नेऊन फोटो काढा, उशीर करू नका. पुन्हा दोनदा दुकानात जाऊन आठवण केली. ते म्हणाले, मास्तर भित्रा आहे, त्याला सांगू नका, माझं मी बघतो. मला वाटलं, तुम्ही पुण्याला जाऊन आलात."

वैजूच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दादा आला. कपाळाला भंडारा, हातात पुडी. आनंदात होता. "झालं काम! अभिषेक केला, तळी भरली, कौल लावला. देवानं उजवा दिला. तू मोकळा झालास, शशा. खेळ आता बिनधास्त." त्यानं पुडी उघडली आणि भंडारा लावायला माझ्या कपाळाकडे हात आणला.

मी तो डाव्या हातानं धरला. "डॉक्टर येऊन गेले, दादा."

हात माझ्या हातात होता, म्हणून मला कळलं. एकदम सैल पडला. दादा समोरच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ पुडीची घडी घालत राहिला.

"मला वाटलं, लगीन उरकेपर्यंत दम काढशील," तो म्हणाला. "रोग म्हटलं असतं तर त्यांनी इचारलं असतं, घराण्यातला हाय का? पोरगी घरात राहिली असती रं माझी. गेम म्हटलं की माणसं हसत्यात, शिव्या देत्यात, पण लगीन मोडत न्हाईत."

"मला तरी सांगायचंस. मी गप बसलो असतो."

"तू गप बसला नसतास. तुला खोटं कुठं बोलता येतंय?"

"पण खोटारडा तू मलाच ठरवलंस. भर मांडवात."

दादा रडायला लागला. पासष्ट वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. पण मी म्हणालो, "झालं ते झालं. लग्न तर लागलं ना? आता एक कर. तात्यासाहेबांना सांग, शशीनं शपथ मोडली नव्हती. एवढंच सांग, मी भंडारा लावून घेतो आणि उद्यापासून आंबे झेलायला बसतो."

दादानं डोळे पुसले. दाराकडे बघितलं.

"ऋतुजाला दिवस गेलेत," तो म्हणाला. "अशा टायमाला कसं सांगू? त्यांना कळलं की घराण्यात असलं काय हाय आणि आपण झाकलं, तर पोरीचे हाल करतील. त्यांच्या डोक्यात गेमचं बसलंय, ते बसू दे. तुला काय, तू पुरुष माणूस. तुझं काय वाईट व्हायचं राहिलंय?"

"भंडारा घेऊन जा," मी म्हणालो.

वैजू माझ्यावर ओरडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. "अहो, हात हवा का हट्ट?" तिला मी एकच सांगितलं. मी खेळलो नाही हे सांगणारं जगात कुणी नाही. उद्या मी पडद्यासमोर बसलो, की गाव म्हणेल, बघा, हात गेला तरी सुटत नाही, तेव्हाही खेळतच होता. ती दांडी मी पुण्याला परत पाठवली. चेंडू दाबत राहिलो, त्यानं व्हायचं तेवढं झालं. म्हणजे काही नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. ऋतुजाचा मुलगा शाळेत जातो. परवा त्याच्या वाढदिवसाला बारामतीला गेलो होतो, मी आणि दादा. पोरगं सोफ्यावर आईचा मोबाईल घेऊन पडलेलं, जेवायला उठेना. तात्यासाहेब आता थकलेत, पण आवाज तोच. त्यांनी नातवाला ओढून माझ्यापुढे आणला.

"ह्या आजोबांचा हात बघ," ते म्हणाले. "बघितलास? गेम खेळून खेळून असा झाला. तुझा पण असाच होणार. इचार तुझ्या आईच्या बाबांना!"

पोरानं घाबरून दादाकडे बघितलं. "खरं, आबा?"

ऋतुजा पाण्याचे पेले घेऊन दारात थांबली होती. दादानं एकदा तिच्याकडे बघितलं, आणि नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "व्हय बाळा. खरंय."

पोर माझ्या बोटांकडे टक लावून बघत होतं. मी डाव्या हातानं उजवा उचलून त्याच्या पुढ्यात धरला, म्हणजे त्याला नीट दिसेल.